लाल नॉब आणि खंजिरी

मार्गशीर्षातली रात्र. ढाणकीतल्या आमच्या घराची मागची खोली कापसानं निम्म्याहून अधिक भरलेली. भाव वाढेल या आशेवर थांबवलेला कापूस. या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात विरते, घुमत नाही. शहरातले स्टुडिओ यासाठी भिंतींना फोम लावतात. आमच्याकडे वेचणीपासून विक्रीपर्यंत ही सोय आपोआप होते. म्हणून काकांचं भजन रेकॉर्ड करायचं ते कापूस घरात असेपर्यंतच, हे दिवाळीतच ठरलं होतं.

काका खंजिरी भजन गातात. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ही खंजिरी विदर्भाच्या गावोगावी पोचवली, आणि ती वाजवत गाणारी माणसं अजून आहेत. गाणारा आणि वाजवणारा एकच. काका खंजिरी डाव्या कानाशी धरतात. "काका, जरा खाली धरता का?" असं मी विचारून पाहिलं. त्यांनी धरली, दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. "कानापाशी नसली तं सूर सापडत नाही बापू." मग हललो मी. माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर, पाठ खंजिरीकडे करून लावला. आमचा माइक मागच्या बाजूचं कमी ऐकतो, त्याचाच फायदा घेतला. तरी खंजिरीच्या चकत्या फार तिखट. त्या यायच्याच.

माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधे ठेवलेला डबा जुन्या पद्धतीचा आहे. माइकचा क्षीण आवाज मोठा करणारा प्रीअॅम्प आणि त्यातच आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारा इक्वलायझर. याचा मूळ नमुना १९७० सालचा, इंग्लंडमधल्या रूपर्ट नीव्ह (१९२६–२०२१) यांचा. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओसाठी त्यांनी जो मिक्सर बनवला, त्यातलं '१०७३' नावाचं एक मॉड्यूल. पुढे असे जुने मिक्सर मोडीत निघाले, तेव्हा लोकांनी त्यांची मॉड्यूलं सुटी काढून जपली. मूळ मॉड्यूल माझ्या आवाक्याबाहेरचं. माझा डबा त्याच आराखड्यावर नव्यानं बनवलेला आहे, आत लोखंडी गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर आणि क्लास-ए सर्किट. यातले ट्रान्झिस्टर गाणं चालू असो वा नसो, सतत वीज ओढतात. त्यामुळे अर्ध्या तासात डबा कोमट होतो. थंडीत मी त्यावर तळहात ठेवतो आणि तो तयार झाला की नाही ते ओळखतो.

डब्यावरचा, आवाज वाढवणारा लाल नॉब खटक्यांनी फिरतो. दर खटक्याला ५ डेसिबल, म्हणजे आवाजाचा व्होल्टेज जवळजवळ पावणेदोनपट. माइकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. ५० डेसिबलला ते तीनशेपटींहून जास्त वाढतात. त्यांच्याबरोबर घरातली सगळी घाणही तितकीच वाढते. त्या रात्री ४५ वर गेलो आणि हेडफोनमध्ये भुंग्यासारखी गुणगुण सुरू झाली. वायर बदलली, पंखा बंद, ट्यूबलाइट बंद. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा गेल्याच महिन्यात टाकला होता, दुपारी बादलीभर पाणीही ओतलं होतं. गुणगुण तिथंच. शेवटी वैतागून डबा उचलला, आणि हातात तो वळला तसा आवाज कमी झाला. परत वळवला, वाढला. भिंतीपलीकडे इन्व्हर्टर आहे. त्याच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र माझ्या डब्यातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला गाठत होतं. डबा पाव वळसा फिरवून आडवा ठेवला आणि गुणगुण जवळपास मेली. दीड तास गेला होता. काका तोवर कापसाला टेकून शांत बसले होते.

मग खरं काम. या इक्वलायझरमध्ये मनाला येईल तो आकडा निवडता येत नाही. मधल्या पट्टीला सहाच जागा, ३६० हर्ट्झपासून ७.२ किलोहर्ट्झपर्यंत. वरची पट्टी एकच, १२ किलोहर्ट्झ. खालचा घरघराट कापायला ५०, ८०, १६०, ३०० हर्ट्झ. मला ही मर्यादा आवडते, कारण आकड्यांत रमायला वाव नाही, कान लावावाच लागतो. १६० वर कापून पाहिलं तर लांबच्या ट्रॅक्टरची घरघर गेली, पण काकांची छातीही गेली. आवाज पोकळ लागायला लागला. ८० वर परत आलो. ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबू. ३.२ किलोहर्ट्झवर अगदी थोडं वाढवलं, तसे शब्दांचे काठ दिसायला लागले. ४.८ वर तेच केलं तर चकत्या पुढे घुसल्या. १२ ची पट्टी किंचित खाली घेतली. शेवटी लाल नॉब आणखी एक खटका वर आणि बाहेर जाणारी पातळी तेवढी खाली. यानं ट्रान्सफॉर्मरवर थोडा ताण येतो आणि खंजिरीच्या थापेचं टोक जरा बोथट होतं. खंजिरी राहते, टोचत नाही.

हे सगळं आवाज कॉम्प्युटरमध्ये शिरण्याआधी होतं. कापलेलं परत मिळत नाही. मला भीती वाटते, दरवेळी वाटते. काकांचं वय पाहता पुढच्या वर्षी हा सूर याच जागी असेल का, ठाऊक नाही. तरी मी नंतरसाठी काही राखून ठेवत नाही. काका गात असताना, ते समोर असताना त्यांचा आवाज कसा आहे हे जेवढं कळतं, तेवढं महिनाभरानं एकट्यानं ऐकून कळत नाही.

तिसऱ्या वेळी भजन पूर्ण झालं. हेडफोन त्यांच्या कानावर ठेवले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. दोन ओळींमधल्या श्वासाशी त्यांची मान हलली.

"हा तं माहाच आवाज हाय," म्हणाले. मग म्हणाले, "अजून एक घेऊ. त्यात बोल पक्का नाही आला."

हेडफोन परत घेतले, लाल नॉब पुन्हा वर केला. गुणगुण परत आली होती, मघापेक्षा बारीक. डबा हलवून पाहिला, फरक पडला नाही. हेडफोन काकांच्या कानाला लावले, त्यांनीही ऐकलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. शिवारात मोटरी सुरू झाल्या होत्या. शेतातल्या पंपांची थ्री-फेज वीज आली होती.

काकांनी खंजिरी पिशवीत घातली, कोपऱ्यातली बॅटरी उचलली आणि हरभऱ्याचं ओलीत करायला निघाले.