ऑगस्टभर खानदेशात

ऑगस्टमध्ये काय वाचायचं हे मी ठरवलं नव्हतं, ते पेटीनं ठरवलं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातली शंभर पुस्तकांची पेटी आमच्या नाशिकच्या सोसायटीत घरोघर फिरते. जुलैअखेर ती माझ्याकडे आली. पेटी ज्याच्या घरी, त्याच्या घरची संध्याकाळ सगळ्यांची. पुस्तक बदलायला आलेला माणूस पुस्तक बदलून लगेच जात नाही. आधीचं कसं वाटलं हे सांगतो, नव्याची चार पानं उभ्याउभ्याच चाळतो, मग बसतो, मग चहा टाकावाच लागतो.

पेटी घरी असली की कोण काय नेतो तेही दिसतं. कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं हातोहात जातात. पाककृतींच्या पुस्तकासाठी रुसवेफुगवे होतात. कवितासंग्रह मात्र तळाशी बसून राहतात, कोरे करकरीत. कविता न आवडणारी माणसं आमच्याकडे आहेत असं नाही, कुणी म्हणायला लागलं की सगळे ऐकतात. पण कवितेचं पुस्तक आपणहून कुणी उचलत नाही, ते कुणीतरी हातात द्यावं लागतं. या महिन्यात ते काम तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी केलं.

वहिनी माहेरच्या जळगावकडच्या. पेटीत बहिणाबाईंची गाणी दिसताच त्यांनी पुस्तक काढलं, पण घरी नेलं नाही. ‘हे काय वाचायचं? म्हणायचं असतं,’ असं म्हणून तिथंच सुरू झाल्या. आम्ही सगळ्यांनी या कविता शाळेत पाठ केल्या होत्या, पण पुण्या-नाशिकच्या तोंडानं. वहिनींच्या तोंडी त्या लेवा गणबोलीत आल्या, तेव्हा आपण इतकी वर्षं ठेका चुकीच्या जागी धरत होतो हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. जात्याच्या फेऱ्याला जिथं जोर लागतो, तिथंच त्या ओळीलाही जोर लागतो. हे छापील पान सांगत नाही.

छापील पान मुळात आलं तेही उशिरा. बहिणाबाई चौधरी १८८० च्या ऑगस्टमध्ये जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर त्या रचत गेल्या आणि त्यातलं जेवढं सोपानदेवांनी, त्यांच्या कवी मुलानं, आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवलं तेवढंच आपल्यापर्यंत आलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. पुढं २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव मिळालं. निरक्षर बाईचं नाव विद्यापीठाला, यावर वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग, दुसरं कुणाचं द्यायचं?’

अत्र्यांची ती प्रस्तावना हा आमच्यात वादाचा विषय झाला. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तिच्यावर लट्टू आहेत. मला ती जरा मोठ्या आवाजातली वाटते. अत्रे कौतुक करायचे तेही सभेत केल्यासारखं. पण मास्तरांनी एक मुद्दा काढला आणि मला गप्प बसावं लागलं. हेच अत्रे १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ घेऊन आले होते. पुण्यातल्या रविकिरण मंडळाच्या कवींची, त्यांच्या प्रेमविव्हल सुरांची त्यांनी त्यात यथेच्छ टवाळी केली होती. शहरी, सुशिक्षित कवींची टर उडवणारा माणूस पंचवीस-सव्वीस वर्षांनी एका शेतकरी बाईच्या वहीपुढं हात जोडतो, तर त्याचा आवाज मोठा असणारच, असं मास्तरांचं म्हणणं. अर्थात रविकिरण मंडळावर माझा राग नाही. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी १९२३ च्या सुमारास एकत्र आली, एकमेकांना कविता ऐकवू लागली आणि मग गावोगाव लोकांसमोर म्हणू लागली. काव्यगायनाला गर्दी जमते हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिलं. मास्तरांनी यशवंतांची एक कविता चालीवर म्हणून दाखवली. चाल त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती. आवाज बेताचाच, पण कुणीही मध्ये बोललं नाही.

खानदेशचा विषय निघाला तसा तो महिनाभर सुटलाच नाही. बालकवीही तिकडचेच. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव. म्हणजे बहिणाबाईंहून दहा वर्षांनी लहान आणि काही कोसांच्या अंतरावर. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात हा मुलगा बालकवी ठरला, तेव्हा त्याच जळगावात नांदत असलेल्या बहिणाबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि त्या मांडवात त्यांना बोलावण्याचं कुणाच्या स्वप्नातही येण्याचं कारण नव्हतं. एकाच मातीतले, एकाच ऋतूवर लिहिणारे दोन कवी एकाच गावात असून दोन वेगळ्या जगांत होते. मराठी कवितेच्या इतिहासात या दोघांचे धडे वेगवेगळे छापतात. मला ते शेजारी शेजारी ठेवून वाचावेसे वाटले आणि तसं वाचताना बालकवींचा हिरवा रंग थोडा दुरून पाहिलेला वाटायला लागला. बहिणाबाईंच्या हिरव्यात निंदणी-खुरपणी असते. बालकवींच्या ओळीतली चमक मात्र बहिणाबाईंकडे नाही, आणि त्यांना ती नकोच होती.

बालकवींना नीट ओळखायचं तर त्यांच्या कवितेआधी ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत, असं माझं मत या महिन्यात पक्कं झालं. लक्ष्मीबाई टिळक मूळच्या आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पुस्तकाच्या सुरुवातीला वडिलांच्या सोवळ्याची जी कथा त्या सांगतात ती वाचून पेटीतलं हे पुस्तक नेणाऱ्या प्रत्येकानं मला फोन केला. पुढं नगरच्या घरात रेव्हरंड टिळकांच्या आश्रयाला हा ठोंबरे येतो. टिळकांना त्याच्यातला कवी दिसत होता. लक्ष्मीबाईंना रुसणारा, हट्ट करणारा, लळा लावणारा पोरगा दिसत होता. मला लक्ष्मीबाईंची नजर जास्त खरी वाटते. उदास कवी म्हणून आपण ज्याची तसबीर लावली आहे, त्याला घरात कुणीतरी जेवायला वाढलं होतं, समजावलं होतं, रागावलं होतं. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ मालगाडीखाली बालकवी गेले तेव्हा त्यांना अठ्ठावीसही पुरी झाली नव्हती. त्यांच्या कवितांचं पुस्तक त्यांच्या हयातीत झालं नाही, मागे राहिलेल्यांनी ते केलं. पुढच्याच वर्षी टिळकही गेले आणि त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, ज्यांना लिहिणं-वाचणं लग्नानंतर नवऱ्यानं शिकवलं होतं.

भादली स्टेशन वहिनींच्या पायाखालचं. जळगावहून भुसावळला जाताना मध्ये लागतं. ‘आम्ही तिथून शंभरदा गेलो असू, पण कुणी सांगितलं नव्हतं,’ असं म्हणून त्यांनी बालकवी नेले. तळाशी बसलेल्यातला हा दुसरा.

सोळा ऑगस्टला नारायण सुर्वे यांचा स्मृतिदिन होता. ‘माझे विद्यापीठ’ पेटीत नव्हतं. मास्तरांनी स्वतःची प्रत आणली, पाठकणा निघालेली, समासात शाळेच्या निळ्या शाईनं खुणा केलेली. गिरणगावात गंगाराम सुर्वे यांना रस्त्यावर सापडलेलं मूल, पुढं पालिकेच्या शाळेतला शिपाई, मग शिक्षक. मास्तर स्वतः शिक्षक असल्यानं वर्गावरच्या कविता म्हणताना ते दोनदा थांबले. त्या संध्याकाळबद्दल एवढंच.

माझं स्वतःचं, कुणी हातात न ठेवलेलं वाचन महिन्यात एकच झालं, आणि तेही एकटीनं झालं नाही. पेटीत ‘प्रिय जी.ए.’ होतं, सुनीताबाई देशपांडे यांनी जी. ए. कुलकर्णी यांना लिहिलेली पत्रं. नुसती ती वाचायला लागले आणि अडखळले, कारण ज्याला उत्तर चाललंय ते पत्र समोर नाही. म्हणून सार्वजनिक वाचनालयातून जी. एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड आणला, त्यात सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं आहेत. आणि माझी कॉलेजची मैत्रीण बेळगावला टिळकवाडीत राहते, जी. एं.च्या गावची म्हणून त्यांच्यावर हक्क सांगते, तिला म्हटलं, तू जी. ए. वाच, मी सुनीताबाई. रात्री जेवणं आटोपल्यावर फोनवर, तारखा जुळवत, एक पत्र तिचं, एक माझं.

धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवणारा, माणसांपासून दूर राहणारा हा लेखक पत्रात किती मोकळा होतो! पुस्तकं, चित्रं, मधूनच एखादा खवचट शेरा. आणि सुनीताबाई त्याला अजिबात बिचकत नाहीत. नाही पटलं तर नाही म्हणतात. त्यांच्याकडे कवितांचा पाठांतराचा साठा होता. बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कवितांचे कार्यक्रम त्यांनी पु. लं.बरोबर केले, ते या साठ्याच्या जोरावर. पण पत्रांत एखादी ओळ येते ती कार्यक्रमातल्यासारखी येत नाही, सहज बोलता बोलता येते. मला सुनीताबाईंची पत्रं सरस वाटली. मैत्रीण अर्थातच चिडली. तिचं म्हणणं, जी. ए. पत्रातही स्वतःला जपून ठेवतात आणि तेच त्यांचं मोठेपण. आमचा हा तंटा मिटला नाही. खंडही पुरा झाला नाही. वाचनालयाची मुदत वाढवून घेतली आहे.

अर्धवट राहिलेल्यांत एक कादंबरीही आहे, गाजलेली. तीन वेळा हातात घेतली, तिन्ही वेळा साठाव्या पानाच्या आसपास कुणीतरी बेल वाजवली आणि मला बरंच वाटलं.

एक तारखेला पेटी वहिनींकडे गेली. जाताना त्यात मी माझी ‘भिजकी वही’ टाकली आहे, अरुण कोलटकरांची, अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनानं काढलेली. सप्टेंबरात कोलटकरांचा स्मृतिदिन येतो हे निमित्त. जड पुस्तक आहे, वजनानं आणि आतूनही. देशोदेशींच्या, युगायुगांच्या रडणाऱ्या बाया त्यात आहेत. कण्णगी आहे, हायपेशिया आहे, आणि नादेज्दा मांदेलश्ताम आहे, जिनं नवऱ्याच्या कविता पोलिसांच्या हाती लागू नयेत म्हणून पाठ करून ठेवल्या होत्या. वहिनींना मी एवढंच सांगितलं की आधी नादेज्दा वाचा. त्यांनी विचारलं, ‘मोठ्यानं म्हणता येतं का?’ मी म्हटलं, तुम्हीच बघून सांगा. मास्तरांनी आपला नंबर आधीच लावून ठेवला आहे. बेळगावची बाई मात्र पोस्टानं पाठव म्हणून हटून बसली आहे.