गॅलरीत मावणारी सुतारकी

लहान पेटी करायला कारखाना लागत नाही. बारीक दात्यांची करवत, रंधा, 12 मिमीची पटाशी, गुण्या आणि एक जड पाट एवढ्यावर भागतं. काटकसर करायचीच तर करवतीत करा, धार लावायच्या दगडात नको.

लाकूड सागाचं. जुन्या खिडकीचं मिळालं तर सोनंच. ते मुरलेलं असतं, फक्त खिळे तपासून घ्या. चारही बाजू एकाच फळीतून ओळीने कापल्या की लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे जातात. शेवटच्या कोपऱ्यात त्या जुळत नाहीत, तो मागे ठेवायचा. टोकं 45 अंशांत कापा. समोरासमोरच्या बाजू तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर कोन अचूक असूनही सांधा उघडा राहतो.

क्लॅम्प नसले तरी अडत नाही. तुकडे बाहेरची बाजू वर ठेवून ओळीत मांडा, सांध्यांवर मास्किंग टेप ताणून चिकटवा, पट्टी उलटी करा, खाचांत फेव्हिकॉल लावून गुंडाळा. टोकाचं लाकूड गोंद पिऊन टाकतं आणि सांधा कच्चा राहतो, म्हणून वाळल्यावर कोपऱ्यांत करवतीची चीर देऊन पातळ चिपा बसवाव्यात. तळाची फळी गुंडाळण्याआधीच बाजूंच्या आतल्या खाचेत बसवा, ती अखंड लाकडाची असेल तर मोकळीच ठेवा. पावसाळ्यात ती फुगते आणि चिकटवलेली असली तर सांधे फोडते.

झाकण बिजागरीचं असेल तर ते वेगळं करूच नका. पेटी सहाही बाजूंनी बंद करा आणि मग करवतीने वरचा भाग कापून काढा. बिजागरीचा खटाटोप नको असेल तर सरकतं झाकण करावं.