पतचौकशी
पतचौकशी : कर्जासाठी किंवा क्रेडिट कार्डासाठी अर्ज आला असता, अर्जदाराची पूर्वीची कर्जे व त्यांची परतफेड यांविषयीची माहिती धनकोने पतमाहिती कंपनीकडून मागविणे, यास पतचौकशी म्हणतात. अशा प्रत्येक चौकशीची नोंद संबंधित व्यक्तीच्या पतअहवालात होते. ज्या संस्थेशी आपण कधी व्यवहार केला नाही, तिचे नाव या नोंदींत आढळल्यास ती अपरिचित पतचौकशी होय. तिचे मूळ पुष्कळदा निरुपद्रवी असते. तथापि आपल्या नावावर दुसरेच कोणी कर्ज काढू पाहत असल्याची ती पहिली खूणही असू शकते. म्हणून नोंदीचे कारण निश्चित करणे, हा तिच्या निवारणातील सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

प्रकार : धनकोने कर्जमंजुरीच्या निर्णयासाठी केलेल्या चौकशीस व्यवहारात ‘हार्ड इन्क्वायरी’ म्हणतात. ती इतर धनकोंना दिसते. थोड्या अवधीत अशा अनेक चौकश्या झाल्यास अर्जदारास पैशाची निकड आहे, असा अर्थ लावला जातो आणि त्याचा पतगुणांक काहीसा घटतो. एकट्या चौकशीचा परिणाम मात्र सामान्यतः अल्प असतो. व्यक्तीने स्वतःचा अहवाल पाहिल्यास होणारी नोंद ‘सॉफ्ट इन्क्वायरी’ होय. तिचा गुणांकावर परिणाम होत नाही.

कायदेशीर चौकट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७० च्या ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ने, कायद्यात सांगितलेल्या प्रयोजनांखेरीज कोणासही पतअहवाल देण्यास मनाई केली. भारतात २००० मध्ये मुंबई येथे ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो (इंडिया) लिमिटेड’ (सिबिल) ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संमत झाला. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली ट्रान्सयूनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपीरियन व क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या हे कार्य करतात. अनधिकृतपणे पतमाहिती मिळविणे हा या कायद्यानुसार दंडनीय अपराध आहे.

कारणे : अपरिचित नोंदीची कारणे साधारणतः चार प्रकारची असतात. (१) अर्ज एका नावाने व चौकशी दुसऱ्या नावाने होणे : दुकानातून हप्त्यांवर वस्तू घेताना किंवा मोबाइलवरील ॲपद्वारे कर्ज मागताना प्रत्यक्ष धनको एखादी बँकेतर वित्तीय कंपनी असते व अहवालात तिचेच नाव येते. वाहनविक्रेता एकच अर्ज अनेक धनकोंकडे पाठवितो, तेव्हाही असे घडते. (२) जामीनदार वा सहअर्जदार होणे : दुसऱ्याच्या कर्जासाठी सही केली असता सही करणाऱ्याचीही पत तपासली जाते, ही गोष्ट कालांतराने विस्मृतीत जाते. (३) लेखनदोष : नाव, जन्मतारीख किंवा पॅन क्रमांक यांतील चुकीमुळे एकाची चौकशी दुसऱ्याच्या खाती पडते. (४) तोतयेगिरी : पॅन वा आधार यांच्या प्रती मिळवून परस्पर कर्ज मागितले जाते.

निवारण : प्रथम नोंदीतील संस्थेचे नाव, दिनांक, कर्जाचा हेतू व रक्कम पाहून त्या सुमारास आपण कोठे अर्ज वा सही केली होती काय, हे आठवावे. स्वतःच्या अर्जामुळे झालेली खरी नोंद, कर्ज नाकारले गेले किंवा घेतले नाही तरी, पुसली जात नाही. संबंध न जुळल्यास त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्जाची व संमतीची माहिती लेखी मागावी आणि त्याच वेळी पतमाहिती कंपनीकडे हरकत नोंदवावी. धनकोने दुजोरा दिल्यावाचून कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही. त्यामुळे केवळ कंपनीकडे तक्रार करून भागत नाही. चौकशी ज्या कंपनीकडे केली जाते तिच्याच अहवालात ती उमटते, म्हणून चारही कंपन्यांचे अहवाल पाहणे इष्ट असते. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१७ पासून लागू आहे.

रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशांनुसार तक्रारीचे निराकरण ३० दिवसांत न झाल्यास तक्रारदारास विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देय होते. धनकोने आपला अहवाल पाहिल्याची सूचना ग्राहकास लघुसंदेशाने वा ई-मेलने मिळावी, अशीही तरतूद त्या वेळी करण्यात आली; यास्तव आपला चालू मोबाइल क्रमांक बँकेत नोंदलेला असणे आवश्यक ठरते. संस्थेच्या उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत.

तोतयेगिरीचा संशय असल्यास विलंब घातक ठरतो. कारण चौकशीनंतर कर्ज मंजूर झाले, तर थकबाकीची नोंद व वसुलीचा तगादा निरपराध व्यक्तीच्या माथी येतो. अशा वेळी कर्ज वितरित करू नये असे धनकोस त्वरित लेखी कळवावे, पोलिसांत किंवा १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी आणि पुढील काही महिने अहवालात नवे खाते उघडले गेले नाही ना, हे पाहत राहावे. जुनी खरी नोंद पैसे घेऊन पुसून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहणे श्रेयस्कर होय. चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे.