गल्ल्यावर एकच माणूस, गिऱ्हाइकं शंभर : सर्व्हरची चौकट समजून घेऊया

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याच्या बाजारात चिक्की घ्यायला गेलात, की गर्दी म्हणजे काय ते कळतं. भुशी धरणावरून परतणारी मंडळी एकदम दुकानात शिरतात. समजा, गल्ल्यावरचा माणूस एकाची ऑर्डर घेऊन, आतून पाकीट येईपर्यंत नुसता उभा राहिला, तर? रांग रस्त्यावर जाईल. मग प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक माणूस ठेवायचा? शंभर माणसं ठेवली तर दुकानात उभं राहायला जागा उरणार नाही!

सर्व्हरचंही असंच असतं. दहावीच्या निकालाच्या दिवशी सगळे एकाच वेळी संकेतस्थळ उघडतात आणि पान काही येत नाही. याची कारणं अनेक असतात, पण एक नेहमीचं कारण म्हणजे वाट पाहणं. कधी डेटाबेसच्या उत्तराची, तर कधी समोरच्याच्या मंद नेटवर्कची. एकाच सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगेल यांनी 1999 मध्ये मांडला आणि तो गाजला.

यावरचं एक उत्तर म्हणजे पायथन भाषेतलं ‘ट्विस्टेड’ हे फ्रेमवर्क, म्हणजे सर्व्हर बांधण्याची तयार चौकट. ग्लिफ लेफकोविट्झ यांनी ते सुरू केलं, तेही अनेकांनी मिळून खेळायच्या एका मजकुरी खेळासाठी. त्याचे मुख्य भाग पाहू.

रिअ‍ॅक्टर : हा आपला गल्लेवाला. तो कुणासमोर थांबत नाही. ज्याचं काही आलं असेल त्याच्याकडे बघतो आणि लगेच पुढच्याकडे वळतो.

प्रोटोकॉल : एका गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं याचे नियम. जोडणी झाली की काय करायचं, माहिती आली की काय करायचं, जोडणी तुटली की काय करायचं, एवढंच आपण लिहायचं.

फॅक्टरी : नवी जोडणी आली की तिच्यासाठी नवा प्रोटोकॉल तयार करून देते.

डिफर्ड : हे टोकन. उत्तर अजून आलेलं नाही, पण आलं की पुढे काय करायचं आणि चूक झाली तर काय करायचं, ते आधीच नोंदवून ठेवलेलं असतं.

आता चौकटीचा खरा फायदा बघा. गर्दी सांभाळण्याचं अवघड काम रिअ‍ॅक्टरकडेच राहतं. वेब, ईमेल, डीएनएस, एसएसएच यांचे प्रोटोकॉल तयार मिळतात. स्वतःचा नवा प्रोटोकॉल हवा असेल तर तेवढाच लिहून जोडायचा. रिअ‍ॅक्टरला हात लावावा लागत नाही. एकाच प्रोग्राममध्ये वेब आणि ईमेल दोन्ही चालू शकतात.

पण एक पथ्य आहे. गल्लेवालाच आत जाऊन पाक ढवळत बसला, तर सगळी रांग थांबेल. तसंच मोठं गणित रिअ‍ॅक्टरमध्येच केलं, तर सगळ्या जोडण्या अडकतात. असं काम वेगळ्या थ्रेडकडे किंवा वेगळ्या प्रोसेसकडे सोपवायचं असतं.

ही कल्पना पुढे पायथनमध्येच आली. 2014 मधल्या 3.4 आवृत्तीतल्या ‘असिंकआयओ’ची रचना काही अंशी ट्विस्टेडवरूनच घेतली आहे.

विचार करा : तुमच्या शाळेच्या कार्यालयात दाखला घ्यायला रांग लागते. तिथे वेळ कामात जातो की वाट पाहण्यात? टोकन कुठे देता येईल? वहीत लिहून आणा.