पहिला खर्डा आणि खोपोलीचा फाटा

बोरघाटाच्या पायथ्याशीं वसलेलें खोपोली गांव नाना फडणविसांनीं बांधविलेल्या तलावामुळें पूर्वापार प्रवाशांच्या परिचयाचें आहे. या गांवीं एक लहानसें रेल्वेस्थानक असून रूळ तेथेंच संपतात. पुढें नुसता डोंगर. मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी इकडे वळत नाहीं. ती कर्जतच्या पुढें पळसदरीहून निराळ्या वाटेनें घाट चढते. खोपोलीचे ते एकाएकीं थांबलेले रूळ पाहिले म्हणजे अर्धवट राहिलेल्या एखाद्या लिखाणाची आठवण होते.

अशीं लिखाणें कोणत्या घरांत नाहींत? कोणी कादंबरीचीं तीन प्रकरणें लिहून ट्रंकेंत टाकलेलीं असतात. कोणा सुनेनें हौसेनें आरंभिलेलें चित्र कपाटामागें धूळ खात असतें. मनांत जें भव्य होतें तें कागदावर फिकें उतरलें, एवढेंच कारण! मग कर्ता एक तर ‘हें आपलें काम नव्हे’ म्हणून तें कायमचें गुंडाळतो, किंवा हट्टानें त्याच वाटेनें पुढें रेटतो. दोन्ही मार्ग सारखेच घातक होत. तिसरा मार्ग कोणता, हें या घाटाच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

सन १८५६ मध्यें रेल्वे खोपोलीपर्यंत आली. पुढचा घाट उतारूंना रस्त्यानेंच चढावा लागे. १८५८ सालीं खंडाळा ते पुणें हा वरचा लोहमार्ग सुरू झाला. मधला घाट तेवढा उरला. त्याचें काम फेव्हिएल नांवाच्या कंत्राटदारानें १८५९ सालीं सोडून दिलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट न सोडतां जाणत्या इंजिनियरांच्या साह्यानें तें पुढें चालविलें, आणि १८६३ सालीं घाट खुला झाला. चढण पळसदरीपासून धरल्यामुळें खोपोली बाजूस राहिली.

तरीहि काम निर्दोष नव्हतें. १८६७ च्या पावसाळ्यांत घाटांतील एक मोठा दगडी पूलच ढासळला. शिवाय कड्यावर गाडीस वळण्यापुरती जागा नसल्यामुळें, वाटेंत एका सपाटीवर ती थांबवून, इंजिन दुसऱ्या टोंकास जोडून, उलट दिशेनें वर न्यावी लागे. ही तडजोड सहासष्ट वर्षें चालली. १९२९ सालीं नवी वाट काढली, तेव्हां कोठें ती सुटली.

यांत ध्यानांत घेण्याजोगें असें कीं, घाट चढावयाचा हा हेतु कधींच बदलला नाहीं. बदलल्या त्या वाटा, माणसें आणि बांधणी. आणि जें उपयोगी होतें तें टाकूनहि दिलें नाहीं. खोपोलीचे रूळ कोणी उखडले नाहींत. मुंबईची लोकल आजहि त्यांवरून गांवांत येते. मात्र दगडांत काम करणारांस सारेंच फार महाग पडतें. या घाटापायीं रोगराईनें व अपघातांनीं हजारों मजुरांचे प्राण गेले. कागदावरील फेरविचारास थोडी शाई आणि थोडा अभिमान एवढेंच मोल पडतें. तेवढेंहि देण्यास आपण कां कचरावें?

लेखणीच्या प्रांतांतील उदाहरण हवें असल्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें घ्यावें. त्यांचें ‘शांकरदिग्जय’ हें गद्य नाटक १८७३ चें. दुसरें एक नाटक तर अपुरेंच राहिलें. आज त्यांचें नांव निघतें तें या नाटकांमुळें नव्हे. पुढें पुण्यांत पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा खेळ पाहून त्यांनीं मराठी संगीत नाटकाचा नवा विचार केला. जुन्या खेळांत पदें सूत्रधार म्हणे. अण्णासाहेबांनीं तीं पात्रांच्याच मुखीं घातलीं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें, तेंहि प्रथम चारच अंकांचें! सर्व अंक सिद्ध होईपर्यंत ते थांबले नाहींत. नाटकाची आवड तीच, पदें रचण्याचा हातहि जुनाच. वाट तेवढी निराळी धरली, आणि १८८२ सालीं ‘सौभद्र’हि त्याच वाटेनें आलें.

म्हणून पहिला खर्डा मनास उतरला नाहीं तर तो जाळूं नये, आणि लगेच दुरुस्तहि करूं नये. थोडे दिवस बाजूस ठेवून मग घरांतील एखाद्या परखड माणसास वाचून दाखवावा. ऐकणाऱ्यास कोठें जांभई आली आणि कोठें तो पुढें सरकून बसला, एवढेंच पाहावें. मग स्वतःस विचारावें, ‘उणें काय पडलें? विषय, कीं मांडणी, कीं माझी मेहनत?’ मेहनत उणी असेल तर वाट बदलून कांहीं उपयोग नाहीं. वाट चुकली असेल तर मेहनत वाढवून नाहीं. मांडणी चुकली असेल, तर ज्या चार ओळी ऐकणाऱ्यास भावल्या त्यांपासूनच नवा आरंभ करावा. आणि घरांतील वडीलधाऱ्यांनींहि ‘सोडून दे, अभ्यास कर’ म्हणण्याची घाई करूं नये. एक चांगला ऐकणारा घरांत असणें ही लहान गोष्ट नव्हे.

ट्रंकेंतील तीं तीन प्रकरणें या सुटींत एकदां बाहेर काढून पाहावींत. कदाचित् सारी कादंबरी त्यांत नसेल. पण घाटाच्या पायथ्यापर्यंत आणून सोडणारा एखादा फाटा त्यांत खास सांपडेल.