तंजावरचा हिवाळा

आश्विन सरला की महाराष्ट्रात आकाश निवळते, पहाटेचा गारवा अंगाला जाणवू लागतो आणि तुळशीच्या लग्नासाठी आवळे, चिंचा व ऊस बाजारात येतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांचे राज्य कावेरीकाठी स्थिरावले, तेव्हा तेथे गेलेल्या मराठी माणसांबरोबर कार्तिकही गेला. तिथी त्याच राहिल्या. आकाश मात्र निराळे निघाले. तंजावरात कार्तिक हा ऐन पावसाचा महिना आहे.

याचे कारण वाऱ्यांत आहे. नैर्ऋत्येचे मोसमी वारे सह्याद्रीवर रिते होतात. पलीकडच्या सखल प्रदेशाच्या वाट्याला त्यांतले थोडेच उरते. ऑक्टोबरात वारे फिरतात आणि ईशान्येकडून येताना बंगालच्या उपसागरावरचे बाष्प घेऊन तमिळ किनारा भिजवतात. तमिळनाडूचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. 'सांबा' भाताचे पीक कावेरीच्या पाटांबरोबर या पावसावरही पोसते. तोच पाऊस कधी वादळ होऊन येतो. 16 नोव्हेंबर 2018 रोजी 'गज' चक्रीवादळाने या जिल्ह्यातील नारळाच्या बागा आडव्या केल्या. म्हणून येथला शेतकरी या दिवसांत आभाळाकडे जितक्या आशेने पाहतो, तितक्याच धास्तीनेही पाहतो.

मग जेथे कडाका नाही, तेथे हिवाळा ओळखावा कसा? एक खूण उजेडाची. ऑगस्टच्या 24 तारखेच्या सुमारास तंजावरचा माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर तो दक्षिणेकडे कलू लागतो. 22 डिसेंबरला भर दुपारी उभ्या काठीची सावली काठीच्या दोन तृतीयांश होते. मुंबईत ती नऊ दशांशांवर जाते आणि दिवसही तंजावरपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने लहान असतो. दोन सरींमधल्या उघडिपीत हे कलते ऊन राजराज चोळाच्या मंदिराच्या ओल्या दगडांवर पडते, तेव्हा ऋतू पालटल्याचे थंडीवाचूनही कळते.

दुसरी खूण फळांची. महाराष्ट्रात ताड म्हणजे ताडगोळे, म्हणजे उन्हाळा. कावेरीकाठी त्याच ताडाची पिकून पडलेली फळे पावसाळ्यापूर्वी मातीत पुरतात. ईशान्य मोसमी पावसाने आठळ्यांना कोंब फुटतात आणि जमिनीत लांबट कंदासारखे पिठूळ मोड वाढतात. पाऊस ओसरला की ते उपटून, उकडून खातात. जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो. तेव्हा या मोडांच्या जुड्या, उसाच्या मोळ्या आणि पानांसकट उपटलेली ओली हळद बाजारात शेजारी शेजारी मांडलेली दिसते.

पंचांग महिन्याचे नाव सांगते. पण त्या महिन्यात छत्री घ्यावी की शाल, हे मात्र ज्या गावी राहावे त्या गावच्या आभाळालाच विचारावे लागते.