मणिकर्णिकेसमोरील हिवाळी पाहुणे

काशी येथे गंगा उत्तरवाहिनी आहे. त्यामुळे पश्चिम तीरावरील घाट पूर्वाभिमुख असून, सूर्य पैलतीरावरील वाळूच्या पट्ट्यावर उगवताना दिसतो. ह्या घाटांपैकी मणिकर्णिकेवर चितांचे अग्नी अहोरात्र जळत असतात. हिवाळ्यात धुके विरू लागले, की त्या धुराच्या पार्श्वभूमीवर शुभ्र पक्ष्यांचे थवे नावांभोवती घिरट्या घालू लागतात. लोक त्यांस 'सायबेरियन पक्षी' म्हणतात. हे नाव कितपत यथार्थ आहे?

हे पक्षी म्हणजे कुरव होत. त्यांत काळ्या डोक्याचा व तपकिरी डोक्याचा अशा दोन जाती आढळतात. परंतु नावावरून ओळख पटवू पाहणारा येथे हमखास फसतो. कारण डोक्यावरील गडद रंग हा विणीच्या काळातील साज आहे. हिवाळ्यात दोन्ही जातींची डोकी पांढरी असतात व कानामागे केवळ एक काळसर ठिपका उरतो.

मग भेद ओळखावा कसा? पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याचा डोळा व पंख पाहावेत. तपकिरी डोक्याचा कुरव किंचित मोठा असून त्याचे बुबुळ फिकट असते. त्याच्या पंखांची टोके ठसठशीत काळी असून त्यांवर पांढरे ठिपके असतात. दुसऱ्याचे बुबुळ गडद असते व उडताना पंखाच्या पुढील कडेस पांढरा पट्टा चमकतो.

पहिल्या जातीची वीण तिबेट व मध्य आशियातील उंच पठारांवरील सरोवरांकाठी होते. म्हणजे हा पाहुणा सायबेरियाचा नव्हे, तर हिमालयापलीकडचा शेजारी होय. दुसऱ्या जातीचे विणीचे क्षेत्र मात्र युरोपपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेले असून त्यात सायबेरियाही येतो. तथापि अमुक एक पक्षी नेमका कोठून आला, हे केवळ पाहून सांगता येत नाही. त्यासाठी पायात क्रमांकित वाळे घालावे लागते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हे कार्य मोठ्या प्रमाणावर केले.

मणिकर्णिकेसमोरील प्रवाह एके काळी संरक्षितही होता. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सुमारे ७ किलोमीटरांचे पात्र १९८९ मध्ये कासवांसाठी अभयारण्य ठरले. अर्धवट जळालेले अवशेष खाऊन पाणी स्वच्छ ठेवणारी कासवे तेथे सोडण्यात आली होती. २०२० मध्ये ते अभयारण्य रद्द झाले. आता येथील जलचरांचे व पक्ष्यांचे हित बव्हंशी माणसांच्या विवेकावर अवलंबून आहे.

नावेतून शेव उधळणारा प्रवासी भूतदयेनेच तसे करतो. परंतु मासे व कीटक टिपणाऱ्या पक्ष्यास तळलेले, खारट पदार्थ हे योग्य अन्न नव्हे. शिवाय एका ठिकाणी दाटी झाल्यास रोग फैलावण्याचा संभव वाढतो. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लूच्या भीतीमुळे वाराणसीच्या प्रशासनाने पक्ष्यांना खाऊ घालण्यास मनाई केली होती.

शेवेची पुडी न उघडताही हे पक्षी मनसोक्त पाहता येतात. फाल्गुनाच्या सुमारास पुन्हा घाटावर येणाऱ्यास काही डोकी गडद होऊ लागलेली दिसतील. परतीच्या प्रवासाची ती तयारी होय.